मदत हवी आहे : दात येणारं बाळ, सासूबाईंचं बोंडलं आणि भेटींचा ढीग

मोगरा_सोलापूर :

नमस्कार मंडळी. लेकीला सहा महिने पूर्ण झाले, सातवा लागलाय. मागच्या रविवारी उष्टावण झालं. मामाने चांदीच्या वाटीतली खीर चाटवली, तर तिने चमचाच हिरड्यांत घट्ट धरला, सोडेचना. खालच्या हिरडीवर दोन पांढरट ठिपके दिसताहेत, लाळेरं तासाभरात ओलंचिंब होतं आणि हाताला लागेल ते तोंडात जातं. २६ आठवड्यांची रजा संपत आली. तिला जोडून शिल्लक रजा टाकली आहे, तरी तीन आठवड्यांनी बँकेत हजर व्हायचंय. दिवसभर बाळ सासूबाईंकडे राहील.

परवा एक प्रकार घडला, म्हणून हा धागा. उष्टावणाला दात येतानाच्या चावायच्या वस्तू बऱ्याच आल्या. त्यात एक गोल रिंग होती, आत निळं पाणी, फ्रीजमध्ये गार करून द्यायची. खोक्यावर ‘नॉन-टॉक्सिक’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं. दुपारी मी पाळण्याजवळच बसले होते. बघते तर तिच्या हनुवटीवर निळसर ओल. रिंग दाबून पाहिली तर जोडावरून बारीकसा थेंब आला. तिचं तोंड ओल्या फडक्याने पुसून काढलं, डॉक्टरांना फोन केला. त्यांनी दिवसभर लक्ष ठेवायला सांगितलं. काही झालं नाही, संध्याकाळी नेहमीसारखी खेळली. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. ती रिंग मी स्वतः धुऊन तिच्या हातात दिली होती.

तेव्हापासून प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघते आणि काही ठरत नाही. नणंदेने अमेरिकेहून पिवळ्या मण्यांची माळ पाठवली आहे, गळ्यात घातली की दात त्रास न देता येतात म्हणे. शेजारच्या काकूंनी हिरड्यांना चोळायची जेलची ट्यूब आणून दिली. काळ्या मण्यांच्या मनगट्या आहेत, त्या ती सतत चोखते. फळ घालून चोखायची जाळीची पिशवी आहे. दुधाच्या प्लॅस्टिकच्या तीन बाटल्याही आल्यात.

आणि खरा पेच बोंडल्याचा. सासूबाईंनी त्यांचं जुनं चांदीचं बोंडलं, म्हणजे बाळाला दूध पाजायचं चोचीचं भांडं, काढून, चिंचेने घासून लख्ख करून ठेवलंय. “ह्याच बोंडल्यानं तुझ्या नवऱ्याला वाढवलंय, बाटली कशाला पाहिजे?” असं त्या म्हणतात. त्या बाळाला पायांवर आडवं घेऊन बोंडल्याची चोच तोंडात धरतात. मला धस्स होतं. चोच नळीसारखी बंद आहे, आत काय साचलंय ते दिसत नाही. त्या लेकीचं जिवापाड करतात, त्यांच्या भरवशावरच मी कामाला जाणार आहे. त्यांना दुखवायचं नाही, पण बाळाच्या बाबतीत नुसतं गप्पही बसवत नाही. काय ठेवू, काय काढून टाकू आणि त्यांच्याशी कसं बोलू? कृपया अनुभवाचं सांगा.

तुळस :

मोगरा, आधी स्वतःला दोष देणं थांबव. पाणी किंवा जेल भरलेली कुठलीच रिंग ठेवू नकोस, चांगल्यातली चांगली असली तरी. दात वर आला की ती फुटणारच. आमच्याकडे एकसंध सिलिकॉनची, अजिबात जोड नसलेली रिंग चालली. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात नाही. दगडासारखी गोठलेली वस्तू हिरडीला इजा करते. आणि खरं सांगू? सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते मलमलचं ओलं फडकं. गाठ मारून फ्रीजमध्ये ठेवायचं आणि समोर बसून चावायला द्यायचं.

दाबलं की आवाज करणारी पोकळ रबरी खेळणी असतील तर तीही बघ. त्या भोकातून लाळ आत जाते आणि आत बुरशी धरते. आमचं एक खेळणं कापून पाहिलं तेव्हा आत काळे ठिपके होते. जाळीच्या पिशवीचंही तेच. केळं एकदा त्या जाळीत वाळलं की निघत नाही.

मनगट्या काढून ठेव. दोरा लाळेने कुजतो आणि मणी बाळाच्या श्वासनलिकेत अडकण्याइतकाच असतो. हौसेला फोटोपुरत्या घाल.

हडसनकाठ :

मी न्यू जर्सीत राहते. ती माळ अंबरची, म्हणजे झाडाच्या डिंकाच्या जुन्या खड्यांची असणार. इथे अशा माळा खूप विकल्या जायच्या. डिसेंबर २०१८ मध्ये इथल्या एफडीएने, म्हणजे अन्न-औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, त्यांच्याबद्दल जाहीर इशारा दिला. दीड वर्षांचं एक मूल झोपेत अशा माळेचा फास बसून गेलं होतं. अंगाच्या उबेने मण्यातून औषध पाझरतं या दाव्याला काही आधार नाही. माळ तुटली तर मणी घशात, नाही तुटली तर फास. नणंदेला प्रेमाने कळवा, पण माळ बाळाला घालू नका, पायात सुद्धा नाही.

होमिओपॅथीच्या दात येतानाच्या गोळ्या कुणी देऊ केल्या तर त्याही टाळा. २०१७ मध्ये एफडीएच्या तपासणीत काही गोळ्यांत बेलाडोना हा विषारी वनस्पतीचा अर्क लेबलवर लिहिल्यापेक्षा कितीतरी जास्त निघाला होता.

साचेवाला :

माझं आयुष्य प्लॅस्टिकच्या साच्यांवर गेलं, म्हणून फक्त बाटलीबद्दल लिहितो. पूर्वी काचेसारख्या पारदर्शक आणि टणक बाटल्या असायच्या, त्या पॉलिकार्बोनेटच्या. त्यातून बीपीए हे रसायन दुधात उतरतं. युरोपने २०११ मध्ये आणि अमेरिकेने २०१२ मध्ये बाळांच्या बाटल्यांतून बीपीए बाद केलं. आपल्याकडे २०१५ मध्ये भारतीय मानकातून पॉलिकार्बोनेट काढलं. हल्लीच्या बहुतेक प्लॅस्टिकच्या बाटल्या पॉलिप्रॉपिलिनच्या, म्हणजे बुडाला त्रिकोणात ५ आकडा असलेल्या. त्रिकोणात ७ आणि शेजारी पीसी असेल, किंवा काहीच खूण नसेल, तर घेऊ नका.

‘बीपीए फ्री’ कुणीही छापतो. तुम्ही आयएसआयची खूण बघा. तिच्या वर आयएस १४६२५ हा प्लॅस्टिकच्या दुधाच्या बाटल्यांच्या मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे का, ते लगेच कळतं. खेळण्यांनाही १ जानेवारी २०२१ पासून ही खूण सक्तीची आहे, परदेशी मालासकट.

पॉलिप्रॉपिलिनही उकळत्या पाण्याला देऊ नका. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की अशा बाटलीतून प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण सुटतात, लिटरमागे १ कोटी ६० लाखांपर्यंत, आणि पाणी जितकं गरम तितके जास्त. पावडरचं दूध करायची वेळ आलीच तर ते काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात करा आणि कोमट झाल्यावरच बाटलीत ओता. माझ्या नातवासाठी मी काचेचीच बाटली घ्यायला लावली.

पांढरी_टोपी :

मोगराताई, मी नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात सिस्टर आहे, बारा वर्षं झाली. तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. तुमच्या सासूबाईंचं बोंडलं हीच त्या सगळ्या ढिगातली सर्वात शहाणी वस्तू आहे.

आमच्या वॉर्डात ज्या बाळांना अंगावर ओढता येत नाही त्यांना आम्ही बाटली देत नाही. वाटी-चमच्याने पाजतो, नाहीतर पलाडाईने. पलाडाई म्हणजे दक्षिणेकडचं चोच असलेलं पसरट भांडं, आपल्या बोंडल्याची सख्खी बहीण. बाटलीचं बूच, निपल, आटे यांत दुधाचा थर राहतो आणि उन्हाळ्यात त्यातूनच जुलाब लागतात. शिवाय बाटलीतून ओढायची सवय लागली की काही बाळं अंगावर नीट पीत नाहीत. म्हणूनच १९९२ च्या कायद्याने दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करायलाही बंदी आहे.

चूक बोंडल्यात नाही, आडवं ठेवून ओतण्यात आहे. आडव्या बाळाच्या घशात दूध ओतलं तर ते श्वासात जाऊ शकतं. बाळाला मांडीवर जवळजवळ बसतं करा, मान हाताच्या कोपरात. बोंडल्याची चोच किंवा चमच्याची कड खालच्या ओठावर नुसती टेकवा आणि दूध ओठाला लागेल इतकंच तिरपं करा. मग थांबा. ती स्वतः जीभ बाहेर काढेल आणि ओढेल. गिळल्यावर पुढचा घोट. तिने तोंड फिरवलं की संपलं, उरलेलं संपवायचा आग्रह नाही.

आता त्या चोचीचं. घासायला चिंच किंवा पावडर वापरली असेल तर आधी भरपूर पाण्याने धुवा. मग गरम साबणपाणी घालून स्ट्रॉ धुवायचा बारीक ब्रश चोचीतून आरपार फिरवा. चोच उजेडाकडे धरून आतून बघा. उजेड गोल आणि स्वच्छ दिसला पाहिजे. नंतर पातेल्यात पूर्ण बुडवून दहा मिनिटं उकळा. हे प्रत्येक वेळी. ब्रश आत जातच नसेल तर दुधाला वाटी-चमचा वापरा. आणखी एक, चोच जिथे जोडली आहे तिथला जोड सराफाला दाखवा. जुन्या भांड्यांची दुरुस्ती कधीकधी शिसं असलेल्या कथलाने केलेली असते, तिथे मऊ राखाडी ठिपका दिसतो. तसं असेल तर ते भांडं देव्हाऱ्याजवळ ठेवा, बाळाला नको.

काढून ठेवलेलं दूध चार तास बाहेर टिकतं असं सगळीकडे वाचाल. ते २५ अंशांच्या खोलीसाठी आहे. सोलापूरच्या मे महिन्यात हा नियम लावू नका, काढलं की सरळ फ्रीजमध्ये. दारात नाही, आत मागच्या बाजूला. देताना वाटी कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवा. एकदा उष्टं झालेलं दूध परत फ्रीजमध्ये जाता कामा नये.

जेलची ट्यूब उलटी करून घटक वाचा. बेन्झोकेन हे बधीर करणारं औषध असेल तर टाका. त्याने क्वचित रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकदच घटते, आणि अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये दोन वर्षांखालच्या बाळांना ते नकोच म्हणून सांगितलंय. तसंच बधीर करणारं लिग्नोकेनही नको. कोलिन सॅलिसिलेट हे ॲस्पिरिनच्या घराण्यातलं. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २००९ मध्येच १६ वर्षांखाली ते वापरू नका म्हटलं. तसंही लाळेबरोबर जेल पाच मिनिटांत पोटात जातं, हिरडीवर राहत नाही. स्वच्छ धुतलेल्या बोटाने हिरडी हलके चोळा, तेवढं पुरतं.

मध बोटाला लावून चोळतात, गुटीत घालतात. वर्षाच्या आत एक थेंबही नको, त्यातून बॉट्युलिझम ही जंतूंच्या विषाने होणारी गंभीर विषबाधा होऊ शकते. खारीक किंवा गाजराचा तुकडा चावायला देऊ नका, कोवळ्या दाताने तुटतो आणि अडकतो. आणि ताप १००.४ च्या वर गेला किंवा जुलाब लागले तर “दात येताहेत” म्हणून घरी थांबू नका. दातांमुळे तेवढा ताप येत नाही. ह्या एका समजुतीपायी उशिरा आलेली बाळं मी पाहिलीत.

मोगरा_सोलापूर :

सिस्टर, तुमचं उत्तर मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. “पलाडाई म्हणजे बोंडल्याची सख्खी बहीण” इथे त्यांनी मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. मग म्हणाल्या, “बघ, दवाखान्यातपण हेच वापरतात.” त्यानंतर आडवं न घेण्याबद्दल मला काही समजवावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच तिला मांडीवर बसतं केलं, माझ्याकडे बघून विचारलं, “एवढी उभी चालेल का गं?”

बोंडलं सराफाकडे नेऊन आलो. जोड चांदीचाच आहे, कथील नाही. चोचीतून ब्रश फिरवला तेव्हा पहिल्यांदा काळपट पाणी आलं. सासूबाई गप्प झाल्या. आता पातेलं त्या स्वतःच गॅसवर चढवतात.

निळ्या पाण्याची रिंग, माळ आणि ट्यूब काढून टाकली. ट्यूबवर कोलिन सॅलिसिलेटच होतं. साचेवाला काका, तीनपैकी एका बाटलीवर कसलीच खूण नव्हती, दुसऱ्या दोघींचा परवाना ॲपमध्ये सापडला. त्या नुसत्या प्रवासासाठी ठेवल्या आहेत. मनगट्या डबीत. नणंदेला फोन केला, तिला ठाऊकच नव्हतं, बिचारी घाबरली.

मोगरा_सोलापूर :

बँकेत रुजू होऊन चार दिवस झाले. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फोन केला. सासूबाई म्हणाल्या, साठ मिली प्यायली, वीस मिनिटं लागली, थोडं लाळेऱ्यावर सांडलं. काल संध्याकाळी मी चमच्याने पेज भरवत होते तर खालच्या हिरडीला चमचा लागून टिक्‌ असा आवाज आला. परत लावून पाहिला, परत टिक्‌. सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या, त्यांनाही ऐकवला.

सिस्टर, एक विचारायचं राहिलं. रात्री ती अंगावर पितापिताच झोपते. दात आलाय म्हटल्यावर आता काही करायला हवं का?

पांढरी_टोपी :

अभिनंदन, आजींचंही. अंगावर पाजणं तसंच चालू ठेवा. झोपायच्या आधीच्या पेजेनंतर बोटाला ओलं मऊ फडकं गुंडाळून तो दात आणि हिरड्या पुसून घ्या. दुधाची किंवा साखरपाण्याची बाटली तोंडात देऊन मात्र कधी झोपवू नका, वरचे पुढचे दात किडतात ते त्याने. पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दातांच्या डॉक्टरांना दाखवून ठेवा.