मदत हवी आहे: जीपच्या पुढच्या शाफ्टचा क्रॉस परत गेला

मंडळी, जुनी फोर बाय फोर जीप आहे माझी, लीफ स्प्रिंगवाली, दोन वर्षांपूर्वी ३ इंच उचलून घेतली, दिसते भारी पण तेव्हापासून पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचा (पुढच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे टोकाचा वळता सांधा, टिकतच नाही. आता ट्रान्सफर केसकडचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीकडचा) गेलाय. हळू चालवताना टिक टिक, ६० च्या वर गेलं की पायाखाली थरथर. परवा शाफ्टच उतरवला आणि कुडाळ ते मालवण जाऊन आलो, आवाज गायब, म्हणजे दुखणं तिथंच.

क्रॉस खोलला तर आतल्या सुयांची लाल पावडर, ग्रीसचा पत्ता नाही. चूक माझीच म्हणा, देवबागच्या वाळूत घालायची आणि खारं पाणी लागलं तरी धुवायची नाही.

आता नुसता क्रॉस बदलून भागेल का? योकच्या (क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्याच्या) भोकात नवा कप (क्रॉसच्या टोकावरची सुयांची वाटी) बोटाने सरकतोय, खरं तर ठोकून बसायला हवा ना? मिस्त्री म्हणतो पंच मारून घट्ट करतो, मला काय ते पटत नाय. दुसरा सांगतो गाडी उचलल्याने शाफ्टचा कोन वाढलाय, लीफखाली पाचर घालून पिनियन (अ‍ॅक्सलचं शाफ्ट जोडायचं टोक) वर उचल, पण मग कॅस्टर (स्टेअरिंग सरळ ठेवणारा चाकांचा मागे झुकलेला कोन) कमी होऊन स्टेअरिंग भरकटणार. डबल जॉइंटचा (एका टोकाला दोन क्रॉसवाला) शाफ्ट केला तरी पिनियन शाफ्टच्या रेषेत लागतो, म्हणजे पाचर आलीच!

कोणी केलंय का हे? कुडाळ, सावंतवाडी नाहीतर कोल्हापूरला शाफ्ट बनवून बॅलन्स करून देणारा लेथवाला असेल तर सांगा, चतुर्थीच्या आत गाडी रस्त्यावर हवीय.