मरण दारात असताना कूलर दुरुस्त करायचे की जप करायचा?

कूलरवाल्याचा_भाचा (महाल): मामा ६४ चे, पॅन्क्रियाजचा कॅन्सर, डॉक्टरनी सात-आठ महिने सांगितले. घरी पारायण ठेवायचं ठरलं, पाटबिट मांडून झाला, अन् मामा अंगणात गल्लीतल्या लोकांचे कूलर उघडून बसलेत! होळी झाली की नागपुरात सगळ्यांचे कूलर खाली उतरतात, खस बदलवा, पंप पाहा, टाकीचं भोक बुजवा, हे काम ते चाळीस वर्षांपासून करून राहिले. आता दोन पोट्ट्यांना मोटर बांधायला शिकवतात. मामी रडते, म्हणते आता तरी देवाचं नाव घ्या. मला वाटते हेच त्यांचं नामस्मरण आहे, सावता माळी मळा सोडून पंढरपूरला गेलेच नाही म्हणतात ना. तुम्हाला काय वाटते?

धरमपेठी_काका: पटत नाही. जन्मभर कामच केलं ना त्यांनी? मग आता कामात डोकं घालणं म्हणजे मरणाकडे पाठ करून बसणं झालं. आपल्या जवळचंच पाहा, पवनारला विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये अन्न, औषध सगळं सोडलं, १५ तारखेला गेले. ८७ वर्षांचे होते. भूदानासाठी पायी देश फिरलेला माणूस, पण शेवटी कामही खाली ठेवलं. सोडता येणं हीच साधना. अन् सावता माळ्याच्या तोंडात विठ्ठल होता भाऊ, कंडेन्सर नाही.

इंदोरा_चौक: काका, पवनारला जायची गरजच नाही, दीक्षाभूमीवर या. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथं दीक्षा घेतली तेव्हा शुगरनं शरीर पोखरलं होतं, पाय साथ देत नव्हते. त्यानंतर दोन महिनेही मिळाले नाहीत. ५ डिसेंबरच्या रात्री दिल्लीत बुद्धावरच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद घेऊन बसले होते, सकाळी उठलेच नाहीत. पुस्तक १९५७ ला निघालं. आता सांगा, ते काम होतं का अध्यात्म? मला तरी दोघांत फरक दिसत नाही. मरणाकडे पाठ केली होती म्हणता येईल काय त्यांना?

धरमपेठी_काका: बाबासाहेब कुठे अन् खसच्या ताट्या कुठे! काहीही जोडता बे तुम्ही.

इंदोरा_चौक: ४५ डिग्रीत ज्या म्हातारीचा कूलर बंद पडला तिला विचारा ताट्या कुठे ते.

मानेवाडा_ताई: तुमचं चालू द्या, पण माझ्या आईचं सांगते. ती गेली मागच्या वर्षी. शेवटचे तीन महिने येणारा प्रत्येक जण विचारायचा काही इच्छा आहे का, काही राहिलं का, कोणी पोथी आणायचं, कोणी म्हणायचं नातवंडांसाठी आठवणी लिहून ठेव. ती एकदा वैतागून म्हणाली, मला मरू पण देत नाही तुम्ही निवांत. तिला फक्त कुशीवर पडून खिडकीतून बदामाच्या झाडावरचे पोपट पाहायचे होते. अन् दुखणं थांबल्याशिवाय अर्थबिर्थ काही सुचत नाही हो, २०१४ ला कायदा बदलून मॉर्फिन मिळणं सोपं केलं म्हणतात, आम्हाला दवाखान्यात कोणी त्याचं नाव पण काढलं नाही, आम्हीच विचारलं तेव्हा गोळ्या लिहून दिल्या. त्या रात्री ती पहिल्यांदा झोपली. मामांचं दुखणं कोण पाहून राहिलं ते आधी सांगा, मग कूलर का जप ते ठरवा.

कूलरवाल्याचा_भाचा: ताई खरं सांगू, हे मी विचारलंच नव्हतं. आज विचारलं तर म्हणाले पाठीत रात्री कळ येते, तुमच्या मामीला सांगू नका. उद्या डॉक्टरकडे नेतो. बाकी आता ते स्वतः काम नाही करत, खुर्चीवर बसून दाखवतात. काल पोट्ट्यानं मोटरची एक वायर उलटी जोडली, पंखा उलटा फिरला अन् ओल्या खसमधला सगळा भुसा बाहेर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या शर्टवर. मामा इतके हसले की मामी पोथी सोडून बाहेर आली.

धरमपेठी_काका: हसले, छान. दिवसाचं झालं हे. रात्री लाइट बंद केल्यावर काय करतात, ते एकदा विचार बेटा.

कूलरवाल्याचा_भाचा: विचारलं आत्ता. जागेच होते. खूप वेळ काही बोलले नाही, मग म्हणाले टाकीत पाणी संपलं असेल, पंप बंद कर, कोरडा जळते.