व्हॅल्युएशन १५ हजारांनी कमी आलंय, शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय

केतकी, मंगळवार रात्री

नमस्कार मंडळी,

रविवारी तालमीला ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यासाठी: घराचं अजून नक्की नाही. आज ब्रोकरचा फोन आला. लेंडरचं, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकेचं, व्हॅल्युएशन ३ लाख ८५ हजार पौंड आलंय, आणि आमची मान्य झालेली ऑफर ४ लाखांची आहे. डिपॉझिट ४० हजार, म्हणजे बरोब्बर दहा टक्के. त्यापलीकडे सॉलिसिटर, सर्व्हे आणि स्टॅम्प ड्यूटीपुरतेच पैसे बाजूला आहेत.

एजंट म्हणतो, शुक्रवारपर्यंत काय ते सांगा, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. निखिल म्हणतो, कुठून तरी उभे करू, असं घर परत मिळायचं नाही. मला मात्र राहून राहून वाटतंय, की बँकेलाच ते घर तेवढ्याचं वाटत नसेल तर आपण का मोजायचे? माळ्यावरची तिसरी खोली बघूनच आम्ही हो म्हटलं होतं. आई-बाबा येतील तेव्हा त्यांना स्वतंत्र खोली होईल म्हणून.

कुणाचं असं झालंय का? काय केलंत?

श्रीकांतकाका

केतकी, सोडून दे. बँकेने तुझ्यावर उपकार केलेत.

आम्ही १९८९ साली घेतलं तेव्हाही सगळे हेच म्हणत होते, आत्ता नाही घेतलं तर कधीच नाही. त्याच ऑक्टोबरात बेस रेट, म्हणजे सगळ्या कर्जांचे दर ज्यावर ठरतात तो मूळ व्याजदर, १५ टक्क्यांवर गेला. मग भाव असे उतरले की घर विकूनही कर्ज फिटलं नसतं. आमच्या रस्त्यावरच्या एका जोडप्याने शेवटी किल्ल्या बँकेला देऊन टाकल्या. तुझ्या काकूने त्या काळात रात्रपाळ्या केल्या म्हणून आम्ही टिकलो. दुसरं गिऱ्हाईक असेल तर घेऊ दे त्याला. त्याच्याही बँकेचा माणूस येणारच आहे.

संपदा

काका, तुमचा अनुभव खरा आहे, पण लगेच "सोडून दे" नको.

केतकी, मी मॉर्गेजचंच काम करते हे तुला माहीत आहे, पण तुम्ही माझे क्लायंट नाही, तेव्हा हा सल्ला समजू नकोस. निर्णय तुमच्या ब्रोकरबरोबरच घ्या. गणित फक्त मांडते.

लेंडर किंमत आणि व्हॅल्युएशन यांतल्या कमी आकड्यावर कर्ज देतो. ३,८५,००० चे ९० टक्के म्हणजे ३,४६,५००. तुम्हाला ३,६०,००० हवेत. म्हणजे खड्डा १५ हजारांचा नाही, १३,५०० चा आहे. दुसरा मार्ग असा, की तेच ३,६०,००० नव्या आकड्याच्या साधारण साडेत्र्याण्णव टक्के होतात. लेंडरकडे ९५ टक्क्यांपर्यंत कर्ज देणारं प्रॉडक्ट असेल आणि तुमचं उत्पन्न त्यात बसत असेल तर एक पौंडही जास्त न आणता ४ लाखांना घर घेता येतं, फक्त व्याजदर वरचा लागतो. तो फरक दर महिन्याला किती हे ब्रोकरकडून लेखी मागा आणि मग निखिलला विचारा, घर अजून तितकंच आवडतंय का.

एक मात्र करू नका. खड्डा भरायला पर्सनल लोन काढू नका. लेंडर पुन्हा क्रेडिट बघतो आणि असलेली ऑफरही जाऊ शकते.

अनिरुद्ध

संपदा, पण आकडा मुकाट्याने का मान्य करायचा? अपील करता येतं. आम्ही फ्लॅटच्या वेळी केलं होतं. लेंडरचा फॉर्म असतो, ब्रोकर भरतो, आणि जवळपास गेल्या सहा महिन्यांत विकल्या गेलेल्या तशाच तीन घरांचे भाव द्यायचे असतात. जाहिरातीतले नव्हे, प्रत्यक्ष विक्रीचे. लॅण्ड रजिस्ट्रीच्या साइटवर फुकट मिळतात, फक्त तिथला डेटा दोन-तीन महिने मागे असतो.

मी आत्ताच बघितलं. केतकीच्या त्याच रस्त्यावर तीन बेडरूमची दोन घरं ४ लाखांच्या वर गेली आहेत. यादी वेगळी पाठवतो.

मृणालताई

सर्वांना विनंती. केतकीने हा विषय "गणपती: हॉलचं डिपॉझिट" या मेलला उत्तर देऊन सुरू केला होता, तो मी आता वेगळा केला आहे. हॉलवाल्यांना कालपासून दोघांनी घराच्या व्हॅल्युएशनची मेल सीसी केली आहे. कृपया "रिप्लाय ऑल" दाबण्याआधी वरची नावं बघा.

ही लिस्ट मंडळाच्या कामासाठी आहे, हे दरवर्षी सांगावं लागतं. पण केतकीला शुक्रवारची मुदत आहे म्हणून हा धागा चालू ठेवते. केतकी, बालनाट्याची वेशभूषा तू बघते आहेस, त्याचं टेन्शन आठवडाभर घेऊ नकोस. मी बघते.

प्रसाद (एडिंबरा)

मृणालताई, मला अजून या लिस्टवरून काढू नका, गणपतीला येणार आहे.

इकडे स्कॉटलंडमध्ये २००८च्या डिसेंबरपासून होम रिपोर्ट असतो. विकणाराच घर बाजारात आणण्याआधी सर्व्हे आणि व्हॅल्युएशन करून घेतो, आणि घेणारा आधी कागद बघून मग बोली लावतो. अर्थात लोक होम रिपोर्टच्या वर बोली लावतातच, आणि वरची रक्कम रोख काढावी लागते. आम्हीही काढली. पण निदान आधी कळलेलं असतं. इंग्लंडमध्ये ऑफर मान्य झाल्यावर, सॉलिसिटरचं मीटर सुरू झाल्यावर आकडा येतो, हे मला कधीच पटलं नाही.

गौरव

पैशांबद्दल. केतकी, आई-बाबांकडून मागवणार असाल तर आजच तयारीला लागा. भारतातून एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, ती अडचण नाही. पण वर्षभरात दहा लाख रुपयांच्या वर गेलं की वरच्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. रिटर्न भरताना जमा धरला जातो, तरी तेवढे पैसे तोवर अडकतात. आणि इथला सॉलिसिटर आई-बाबांची बँक स्टेटमेंट्स मागतो. पैसे कुठून आले, एफडी मोडली तर ती कधीची, सगळं. माझ्या बाबांना ते फार लागलं होतं. आयुष्यभर सरळ नोकरी केलेल्या माणसाला सत्तरीत पासबुकाची पानं स्कॅन करायला लावायची.

संपदा

गौरवचं बरोबर आहे. शिवाय ही भेट आहे, परत द्यायची नाही आणि घरावर हक्क नाही, असं त्यांच्या सहीचं पत्र लेंडरला लागतं. शुक्रवारपर्यंत हे सगळं होणार नाही.

श्रीकांतकाका

आई-बाबांच्या एफडीला हात लावू नका. एवढंच.

विद्यामावशी

केतकी, उशिरा वाचलं. मी तीस वर्षं सर्व्हेयर होते, म्हणून थोडं खोलात लिहिते. सगळे "किती" यावर बोलताहेत. बँकेने नेमकं कोणत्या घराचं व्हॅल्युएशन केलं, हे कुणी विचारलेलं नाही.

लेंडरचं व्हॅल्युएशन तुझ्यासाठी नसतं. उद्या कर्ज थकलं तर हे घर विकून पैसे सुटतील का, एवढंच त्याला हवं असतं. पूर्वी माणूस घरी जायचा. आता पुष्कळदा कुणी जातच नाही, डेस्कवरूनच आकडा काढतात. तेव्हा ब्रोकरला पहिला प्रश्न विचार: कुणी प्रत्यक्ष गेलं होतं का? गेलं नसेल तर त्यांनी क्षेत्रफळ कुठून घेतलं? बरेचदा ते ईपीसीवरून, म्हणजे घराच्या ऊर्जावापराच्या सर्टिफिकेटवरून, येतं.

ईपीसी सगळ्यांना खुला असतो. सरकारी साइटवर पोस्टकोड टाक आणि दोन ओळी बघ. एक, एकूण क्षेत्रफळ. दुसरी, छपराची. तिथे "रूफ रूम" असं लिहिलं असेल तर ज्याने घर तपासलं त्याने माळ्याला खोली मानलं. नुसतं "पिच्ड" (उतरतं छप्पर) आणि पुढे इन्सुलेशनची जाडी असेल तर त्याच्या लेखी तिथे खोली नव्हती. सर्टिफिकेट दहा वर्षं चालतं, त्यामुळे खोली नंतर झाली असण्याचीही शक्यता आहे. मग एजंटला विचार: माळ्याच्या कामाचं बिल्डिंग रेग्युलेशन्सचं कम्प्लिशन सर्टिफिकेट, म्हणजे काम बांधकामाच्या नियमांप्रमाणे झाल्याचा दाखला, आहे का?

अनिरुद्ध, तुझी यादी चांगली आहे, पण ती तीन बेडरूमची घरं आहेत. हे घर तीन बेडरूमचं आहे का, हेच आधी ठरायचंय.

अनिरुद्ध

मावशी, जाहिरातीत तीनच लिहिलंय, प्लॅनसकट.

विद्यामावशी

प्लॅनमध्ये त्या खोलीवर काय लिहिलंय ते वाच.

केतकी, बुधवार रात्री

मावशी, वाचलं. पहिल्या मजल्यावर "बेडरूम १", "बेडरूम २" आहे आणि माळ्यावर "लॉफ्ट रूम". आम्ही हा प्लॅन कितीदा तरी उघडला होता, पण हा फरक कुणी सांगितला नव्हता.

ईपीसी २०१७चा आहे. क्षेत्रफळ ७४ चौरस मीटर, एजंटच्या प्लॅनवर ९२. छपराच्या ओळीत "पिच्ड, १०० मिमी लॉफ्ट इन्सुलेशन". ब्रोकर म्हणाला, व्हॅल्युएशन डेस्कटॉपच होतं. एजंटकडून दुपारी उत्तर आलं: काम आत्ताच्या मालकानेच केलंय, सर्टिफिकेट नाही, पण तो इंडेम्निटी इन्शुरन्स द्यायला तयार आहे, "हे नेहमीचंच असतं".

हे नेहमीचं असतं का?

अनिरुद्ध

मग प्रत्यक्ष व्हॅल्युएशन मागा! माणूस येऊन खोली बघेल, ९२ मीटर मोजेल, आकडा वर जाईल.

विद्यामावशी

अनिरुद्ध, माणूस आला तर खोली बघेल आणि सर्टिफिकेटही विचारेल. मी असते तर ती जागा साठवणीचा माळा म्हणून धरली असती, बेडरूम म्हणून नाही. आपल्या बाजूने न पडलेला आकडा चुकीचाच असतो असं नाही. इथे बँकेने दोन बेडरूमच्या घराची किंमत लावली आणि कागदावर ते घर दोन बेडरूमचंच आहे.

केतकी, इंडेम्निटी खरंच सर्रास देतात, पण ती कशासाठी हे समजून घे. उद्या कौन्सिलने त्या कामावर कारवाई केली तर होणाऱ्या खर्चाची ती पॉलिसी. तिने खोली सुरक्षित होत नाही. तुळया वजन पेलतील का, जिना धड आहे का, आग लागली तर वरच्या माणसाला खाली यायला वाट राहील का, यातल्या एकाचंही उत्तर पॉलिसी देत नाही. आई-बाबांना तिथे झोपवणार आहात म्हणून इतकं लिहिते. दुसऱ्या मजल्यावर राहायची खोली केली की आगीपासून सुरक्षित जिना, आगीला काही वेळ तोंड देणारे दरवाजे आणि मेन्सवर चालणारे, एकमेकांना जोडलेले स्मोक अलार्म लागतात. तुम्ही बघितलंत तेव्हा खालच्या खोल्यांचे दरवाजे जड होते की हलके, पोकळ?

आणि महत्त्वाचं: कौन्सिलला परस्पर फोन करू नकोस. त्यांना कळवलं की अशी पॉलिसी बहुधा मिळतच नाही. आधी सॉलिसिटरला विचार. मालकाला हवं असेल तर तो स्वतः रेग्युलरायझेशनसाठी, म्हणजे झालेलं काम मागाहून नियमित करून घेण्यासाठी, अर्ज करू शकतो. १९८५च्या नोव्हेंबरनंतरच्या कामाला ते मागाहून मिळतं, पण कौन्सिल प्लास्टर उघडून दाखवायला सांगू शकतं.

संपदा

मावशींच्या मुद्द्यात एक भर. दुसऱ्या लेंडरकडे जायचा विचार असेल तर थांबा. पुष्कळ लेंडर त्याच मोजक्या सर्व्हे कंपन्यांकडून काम करून घेतात, त्यामुळे तोच आकडा पुन्हा येऊ शकतो. आणि आता सर्टिफिकेट नाही हे सॉलिसिटरला कळलं की तो लेंडरला कळवणारच. ते त्याचं कर्तव्य आहे.

माझं मत बदललंय. ९५ टक्क्यांचा मार्ग मी आता सुचवणार नाही. किंमत कमी करून मागा.

विद्यामावशी

आणि सर्व्हे कोणता सांगितलाय? बँकेच्या व्हॅल्युएशनला सर्व्हे समजून लोक पैसे वाचवतात, ते करू नका. फेरफार केलेलं घर आहे, लेव्हल थ्री, म्हणजे सगळ्यांत सविस्तर सर्व्हे, करा आणि माळ्याबद्दल लेखी विचारा.

श्रीकांतकाका

विद्याताईंनी हे आधीच लिहायला हवं होतं. मी म्हणत होतो.

मृणालताई

श्रीकांतराव, त्यांनी वेगळं कारण सांगितलंय. केतकी, शुक्रवारी काय झालं ते कळव.

केतकी, शुक्रवार संध्याकाळ

सगळ्यांना कळवते.

दरवाजे हलके होते, पोकळ. निखिलने बघताना टिचकी मारली होती, त्याला आठवलं. मग त्यानेच एजंटला मेल लिहिली: लेंडरने दोन बेडरूमचं घर म्हणून ३,८५,००० लावलेत, माळ्याला सर्टिफिकेट नाही, आमची ऑफर आता ३,८५,०००. एजंट तासभर "दुसरं गिऱ्हाईक" म्हणत राहिला. आम्ही म्हटलं, त्यांनाही हा कागद दाखवा.

मालक ३,८७,००० वर आला आणि आम्ही हो म्हटलं, सर्व्हेच्या अटीवर. कर्ज ३,४६,५००, आमचे ४०,५००. वरचे ५०० स्टॅम्प ड्यूटीतूनच निघाले, पहिलं घर असल्याने ३ लाखांच्या वरच्या रकमेवरच ५ टक्के लागतात, त्यामुळे ती ५,००० ऐवजी ४,३५० होते.

लेव्हल थ्री पुढच्या बुधवारी आहे. तुळयांबद्दल मावशींनी लिहिलेले प्रश्न मी तसेच्या तसे सर्व्हेयरला पाठवलेत. त्याने काही वाईट सांगितलं तर अजून एक्स्चेंज, म्हणजे बांधून टाकणारा करार, व्हायचाय, आम्ही मागे फिरू शकतो. निखिललाही आता ते मान्य आहे. आई-बाबांना खालची मागची खोली देणार, माळ्यावर पुस्तकं आणि मंडळाच्या वेशभूषेच्या पेट्या.

विद्यामावशी

पेट्यांचंही वजन विचारून घे सर्व्हेयरला.