बाथरूमच्या सीलिंगमध्ये लाइट बसवायचेत पण वरून लीकेज आहे, काय करू?

गोरेगावकर_चौथा_मजला
मंडळी, बाथरूमचं काम काढलंय. बिल्डिंग १९८६ची, बाथरूम जेमतेम ४ बाय ७. आत्ता दारावर एकच होल्डर आहे, त्याऐवजी पीव्हीसी पॅनलचं सीलिंग करून त्यात ६ वॅटचे तीन कन्सील्ड लाइट टाकायचा विचार आहे. लोचा असा की वरच्यांच्या बाथरूमचं पाणी स्लॅबमधून झिरपतं, सोसायटीला दोन पत्रं दिली, वरचे काका म्हणतात आमच्याकडे सगळं कोरडं ठणठणीत. इलेक्ट्रिशियन म्हणतो एलईडी आहे हो, काय नाय होत, टेप मारून देतो. बायको म्हणाली आधी कुणाला तरी विचार, म्हणून विचारतोय. आणि ते आयपी ४४, आयपी ६५ काय प्रकरण आहे? दुकानदार ६५च घ्या म्हणून मागे लागलाय.

टेस्टरवाला
वहिनी बरोबर आहेत. एलईडी आत कमी व्होल्टवर चालत असेल, पण त्याच्या ड्रायव्हरपर्यंत, म्हणजे व्होल्ट कमी करणाऱ्या डबीपर्यंत, २३० व्होल्टच येतात आणि तो ड्रायव्हर बसणार कुठे, तर सीलिंगच्या वर, जिथे तुमच्या काकांचं "कोरडं" पाणी टपकतंय.
आयपी म्हणजे धूळ-पाणी किती अडतं त्याचं रेटिंग. पहिला आकडा धूळ-बोटं आत जाण्याबद्दल, दुसरा पाण्याबद्दल. ४ म्हणजे चारी बाजूंनी उडालेलं पाणी चालेल, ५ म्हणजे पाण्याचा झोत चालेल. शॉवरच्या आसपास जमिनीपासून सव्वादोन मीटरच्या आत किमान ४४ हवाच, डोक्यावर ६५ घेतलात तर उत्तमच. पण इथेच सगळे फसतात. कन्सील्ड लाइटवर ६५ लिहिलेलं असतं ते बऱ्याचदा खालच्या, दिसणाऱ्या बाजूपुरतंच असतं, पाठ उघडीच. म्हणजे खालून शॉवर मारा काही होणार नाही, वरून एक थेंब पडला की संपलं. डबा मागायचा आणि पाठीमागचं रेटिंग काय आहे ते विचारायचं, दुकानदाराचं तोंड बघा मग.
लीकेज थांबेपर्यंत माझं मत, सीलिंगमध्ये लाइट नकोच. दाराच्या वर भिंतीवर बाहेरून बसणारा ६५चा बंद लाइट लावा आणि मोकळे व्हा.

मुलुंडची_मावशी
आमच्याकडे हेच झालं होतं हो. जुलैमध्ये लाइट मंद वाटायला लागला, मुलाने काच काढली तर आत वाटीभर पाणी, मेलेल्या माशांसकट! आणि इतके दिवस एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, काही पडला नाही याचंच आश्चर्य वाटलं. नंतर दुसऱ्या वायरमनने सांगितलं की एमसीबीला फक्त ओव्हरलोड आणि शॉर्ट कळतो, पाण्यातून थोडा करंट गळत असला तर त्याला पत्ताच लागत नाही, त्यासाठी आरसीसीबी लागतो.

टेस्टरवाला
मावशींचा वायरमन शहाणा. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ताडून बघतो, ३० मिलिअँपचा फरक पडला तर लगेच कट. लाइटच्या आधी हा बसवा, गीझर असेल तर दुप्पट गरज. महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबून बघायचं, पडला नाही तर तो नुसता शोभेचा.
तुमच्या काळातल्या वायरिंगमध्ये अजून दोन गोष्टी बघून घ्या. स्विच फेजवर आहे की न्यूट्रलवर, कारण न्यूट्रलवर असला तर स्विच बंद करूनही होल्डरमध्ये फेज जिवंत असतो आणि माणूस बल्ब बदलायला ओला हात घालतो. आणि लाइट पॉइंटला अर्थिंगची हिरवी वायर ओढलीय का, जुन्या घरांत बहुतेकदा नसते. नसेल तर चौकोनात चौकोन अशी खूण असलेला, म्हणजे डबल इन्सुलेशनचा लाइट घ्या. धातूचा तर अजिबात नको.
टेपचा जॉइंट दमट हवेत सुटतो, कनेक्टर आणि झाकणाचा डबा वापरायला लावा.

गोरेगावकर_चौथा_मजला
बापरे. आरसीसीबी मागे एकदा लावला होता पण सारखा पडायचा, म्हणून इलेक्ट्रिशियनने काढूनच टाकला 😅

टेस्टरवाला
अहो, तो पडत होता म्हणजे काहीतरी सांगत होता! एकतर खरोखर गळती, नाहीतर दोन सर्किटचे न्यूट्रल कुठेतरी एकत्र बांधलेत. एकेक सर्किट सुटं करून मेगरने, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायच्या मीटरने, तपासायला सांगा. हे घरी बसून करायचं काम नाही, परवानाधारक वायरमनच बोलवा. आणि त्याला स्लॅबला ड्रिल मारू देऊ नका, आधीच पाणी येतंय, त्यात अजून भोकं कशाला.

गोरेगावकर_चौथा_मजला
ठरलं, आधी आरसीसीबी, मग काका, मग सीलिंग. दारावरचा जुना होल्डर काढून टाकू का?

मुलुंडची_मावशी
आत्ताच काढू नका. काकांचं काम होईपर्यंत पुढचा पावसाळा येईल, तोवर काय मेणबत्ती लावून आंघोळ करणार?