शब्दचर्चा : शाश्वत विकासाला ‘देशात आणि परदेशात चालना’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न

वेगवेगळ्या देशांच्या विकास धोरणांची तुलना करणाऱ्या एका मराठी लेखाचं संपादन सध्या माझ्याकडे आहे. त्यात एक वाक्य आहे : ‘अनेक राष्ट्रांनी देशात आणि परदेशात शाश्वत विकासाला चालना देण्याचं धोरण स्वीकारलं आहे.’ व्याकरणात खोट नाही, पण अर्थ सैल वाटतो. ‘शाश्वत’ ठेवावं, की ‘टिकाऊ’, ‘धारणाक्षम’ यांपैकी काही घ्यावं? लेखात पुढे भूतानची राज्यघटना आहे, वेल्सचा कायदा आहे, जर्मनीचा आराखडा आहे. या सगळ्यांना ‘धोरण’ म्हणणं बरोबर का? आणि ‘परदेशात चालना’ वाचल्यावर मला तरी फक्त मदतनिधी आठवतो. लेखक मात्र त्यात आयातीवरचे निर्बंधही धरतात. जाणकारांनी मत द्यावं.

प्रतिसाद

‘शाश्वत’ पासून सुरुवात करतो. मराठीत हा शब्द आधी अध्यात्मातला. नश्वर, अशाश्वत यांच्या विरुद्धचा, कधीच न संपणाऱ्याचा वाचक. विकासाच्या चर्चेत तो आला तेव्हा ज्या कल्पनेसाठी आणला गेला ती वेगळी होती. तिचं मूळ जंगलाच्या हिशोबात आहे. जर्मनीतल्या सॅक्सनीत खाणींचा कारभार पाहणाऱ्या हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी १७१३ मध्ये वनशेतीवर ग्रंथ लिहिला. खाणींना आणि धातू वितळवणाऱ्या भट्ट्यांना लाकूड अफाट लागायचं आणि जंगलं झपाट्याने उजाड होत होती. जेवढं पुन्हा उगवेल तेवढंच तोडावं, हा त्यांचा आग्रह. म्हणजे मुद्दा अमरत्वाचा नव्हताच, वापर आणि भरपाई यांच्या मेळाचा होता. १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण आणि विकासावरच्या ब्रुंटलँड आयोगाने दिलेली व्याख्याही त्याच वाटेने जाते : आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांची गरजा भागवण्याची क्षमता हिरावून घ्यायची नाही.

या अर्थाला सर्वांत जवळचा शब्द खरं तर ‘धारणाक्षम’. निसर्ग किती भार धारण करू शकतो, हे त्यात थेट येतं. पण तो अभ्यासकांच्या लिखाणापलीकडे फारसा गेला नाही. ‘टिकाऊ’ने वस्तू आठवतात. ‘शाश्वत विकास’ मात्र वर्तमानपत्रांत, शाळेच्या पुस्तकांत, सरकारी कागदांत सगळीकडे रुजला आहे आणि जोडशब्द म्हणून त्याचा अर्थ लोकांना कळतो. तो बदलू नये असं माझं ठाम मत आहे.

जपायचं ते पुढे. ‘शाश्वत’ हे विशेषण सुटं करून कुठेही लावलं की जुना अर्थ परत डोकं वर काढतो. ‘शाश्वत आर्थिक वाढ’ म्हटलं की कधीच न थांबणारी वाढ असं वाचलं जातं, आणि ब्रुंटलँडच्या व्याख्येशी त्याचा थेट झगडा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांपैकी आठव्या ध्येयाच्या पूर्ण वाक्यातच आर्थिक वाढीला, इतरांबरोबर, ही दोन वेगळी विशेषणं आहेत : वाढ खंड न पडता चालू राहणारी हवी, आणि निसर्गाला झेपणारीही हवी. मराठीत ‘सातत्यपूर्ण’ आणि ‘शाश्वत’ असे दोन शब्द वापरून हा भेद सहज राखता येतो. हिंदीत या कल्पनेसाठीच ‘सतत विकास’ रूढ झाल्याने तिथे अडचण होते. आपल्याकडे ती नाही, तर हिंदीच्या वळणाने ती ओढवून घेऊ नये.

प्रतिसाद

वरच्याला जोडून : सरकारी मराठीत ‘शाश्वत विकास ध्येये’ असं आहे, बातम्यांत हिंदीवरून ‘लक्ष्ये’ येतं. संयुक्त राष्ट्रांत २०१५ मध्ये स्वीकारलेल्या कार्यक्रमात १७ ध्येये आणि त्यांच्या पोटात १६९ लक्ष्ये आहेत. दोन पातळ्या आहेत, तर दोन शब्द हवेतच. मोजमापाची परिमाणं म्हणजे ‘निर्देशक’. तुमच्या लेखात या तिन्हींची सरमिसळ नाही ना, एवढं तपासा.

प्रतिसाद

तुमचे ‘धोरण’ आणि ‘परदेशात’ हे दोन मुद्दे मला जास्त महत्त्वाचे वाटतात, म्हणून सविस्तर लिहिते.

‘धोरण’ म्हणजे सरकारने ठरवलेली दिशा. सरकार बदललं की ती बदलू शकते. पर्यावरण आणि विकासावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९९२ च्या रिओ परिषदेत मंजूर झालेल्या ‘अजेंडा २१’ या कृती-आराखड्याने प्रत्येक देशाला शाश्वत विकासाची राष्ट्रीय कार्यनीती आखायला सांगितलं, आणि पुढच्या वर्षांत बऱ्याच देशांनी ती आखली. जर्मनीची २००२ ची अशीच. तिला धोरण किंवा कार्यनीती म्हणणं बरोबर. पण भूतानच्या २००८ च्या राज्यघटनेत देशाच्या भूभागापैकी किमान ६० टक्के भाग कायम वनाच्छादित राहील असं बंधन आहे. ते उद्याच्या मंत्रिमंडळाला सहज पुसता येत नाही. वेल्सने २०१५ मध्ये भावी पिढ्यांच्या कल्याणाचा कायदा केला, सार्वजनिक संस्थांवर कर्तव्य टाकलं आणि त्यावर नजर ठेवायला भावी पिढ्यांसाठी स्वतंत्र आयुक्त नेमला. या दोन्हींना ‘धोरण’ म्हटलं की वाचकाला त्यांचं वजन कळत नाही. घटना असेल तिथे घटना लिहा, कायदा असेल तिथे कायदा.

भारताची वाट आणखी निराळी. इथे शाश्वत विकासाचं तत्त्व कायद्यात पक्कं झालं ते न्यायालयामुळे. तमिळनाडूतल्या चामड्याच्या कारखान्यांच्या सांडपाण्याने पालार नदीचं पाणी नासलं, त्यावरच्या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सावधगिरीचं तत्त्व (हानीचा पक्का पुरावा नसला तरी आधीच काळजी घ्यावी) आणि प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी हे तत्त्व या देशाच्या कायद्याचा भाग आहेत. याला ‘धोरण’ म्हणताच येणार नाही. ‘न्यायालयीन तत्त्व’ म्हणावं.

आता ‘देशात आणि परदेशात’. इथे जर्मनीचा आराखडाच तुमच्या कामाला येईल. २०१६ च्या सुधारित आवृत्तीत त्यांनी प्रत्येक ध्येयाखाली उपायांचे तीन स्तर केले : जर्मनीत, जर्मनीकडून आणि जर्मनीसोबत. स्वतःच्या हद्दीतल्या नद्या, हवा, शाळा, वीज हा पहिला स्तर. जर्मनीच्या कृतीचा साऱ्या जगावर होणारा परिणाम हा दुसरा. भागीदार देशांबरोबर केलेलं काम हा तिसरा. मराठीत हे तिन्ही स्तर नुसत्या ‘-त’, ‘-कडून’ आणि ‘-सोबत’ यांनी उमटतात, एकही जड संज्ञा लागत नाही. तुमच्या लेखातलं ‘परदेशात’ दुसरा आणि तिसरा स्तर एकाच घासात गिळतं, म्हणून तुम्हाला ते सैल वाटतंय.

हा फरक किती मोठा आहे ते नॉर्वेकडे पाहिल्यावर कळतं. ॲमेझॉनची जंगलतोड कमी व्हावी म्हणून ब्राझीलने २००८ मध्ये निधी उभारला, त्यातला सर्वांत मोठा वाटा नॉर्वेचा. जंगलतोड घटल्याचं दिसेल तसे पैसे, अशी त्याची रचना. हे ‘सोबत’चं काम, आणि फार मोलाचं. पण हाच देश तेल आणि नैसर्गिक वायूचा मोठा निर्यातदार आहे, आणि ते इंधन बाहेर जळतं तेव्हाचा धूर नॉर्वेच्या राष्ट्रीय हिशोबात धरला जात नाही. तो ‘कडून’चा भाग. ‘नॉर्वे परदेशात शाश्वत विकासाला चालना देतो’ या वाक्यात पहिली गोष्ट दिसते आणि दुसरी झाकली जाते. अशी वाक्यं मला मनापासून खटकतात, कारण ज्या देशांच्या किनाऱ्यांवर त्या धुराचे परिणाम पोचतात त्यांचा उल्लेखच होत नाही.

स्वीडनने २००३ मध्ये जागतिक विकासाचं धोरण संसदेत मंजूर केलं ते हीच फट बुजवायला. व्यापार, शेती, संरक्षण, स्थलांतर अशा प्रत्येक खात्याने न्याय्य आणि शाश्वत जागतिक विकासाला हातभार लावावा, मदतखात्याने एका हाताने दिलेलं दुसऱ्या खात्याने काढून घेऊ नये, हा त्याचा गाभा. याला ‘धोरणसुसंगती’ हा शब्द मराठीत चांगला बसतो. १७ व्या ध्येयाखाली या नावाचं एक स्वतंत्र लक्ष्यच आहे.

नेदरलँड्सची सांख्यिकी संस्था २०१८ पासून देशाच्या व्यापक कल्याणाचा आढावा काढते. त्याचे तीन भाग आहेत : इथे आणि आता, पुढे, इतरत्र. परिषदांच्या ठरावांतले कितीतरी शब्द या चार साध्या शब्दांपुढे फिके वाटतात. मराठी लेखात ते जसेच्या तसे वापरा.

प्रतिसाद

‘चालना’ या शब्दाबद्दल माझा आक्षेप आहे. चालना म्हणजे थांबलेल्याला गती देणं, उत्तेजन देणं. युरोपीय संघाने २०२३ मध्ये जंगलतोडीविरुद्ध नियम केला. २०२० संपल्यानंतर जंगल तोडून मिळवलेल्या जमिनीवरचा कोको, कॉफी, पामतेल, सोया, रबर, लाकूड, गुरांपासूनचा माल युरोपच्या बाजारात चालणार नाही, असं तो सांगतो. त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली आहे आणि इंडोनेशिया, मलेशिया, ब्राझील यांनी त्याला कडाडून विरोध केला आहे. नियमाचा हेतू मला पटतो. जंगलं वाचलीच पाहिजेत. पण छोट्या शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर ही चालना नाही, अट आहे. आपल्या शेताच्या ठिकाणाची अचूक नोंद तयार असल्याशिवाय त्याचा माल विकला जाणार नाही. आपल्या पुरवठादारांकडून होणारं नुकसान रोखण्याची जबाबदारी मोठ्या कंपन्यांवर टाकणारा फ्रान्सचा २०१७ चा कायदा किंवा जर्मनीत २०२३ पासून लागू झालेला पुरवठा साखळीचा कायदा यांचा बोजा निदान आधी आपल्याच मोठ्या कंपन्यांवर पडतो. तिथे ‘दक्षतेचं कर्तव्य’ हा शब्द शोभतो.

तेव्हा मदतीला ‘साहाय्य’, नियमाला ‘अट’ किंवा ‘निर्बंध’, आणि जागतिक मंचावर एखादी भूमिका मांडण्याला जुना मराठी शब्द ‘पुरस्कार’ वापरा. ‘अमुक देशाने या तत्त्वाचा पुरस्कार केला.’ हल्ली पुरस्कार म्हणजे बक्षीस एवढंच उरलंय, पण हा अर्थ अजून जिवंत आहे.

आणखी एक. रिओच्या जाहीरनाम्यातलं सातवं तत्त्व आहे : समान, पण वेगवेगळ्या प्रमाणातल्या जबाबदाऱ्या. ‘राष्ट्रांनी स्वीकारलं आहे’ असं सरसकट लिहिलं की हे तत्त्वच पुसलं जातं. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के विकास साहाय्य द्यावं असं १९७० मध्ये संयुक्त राष्ट्रांत ठरलं. ते पाळणारे देश आजही मोजकेच. ब्रिटनने २०१५ मध्ये त्याचा कायदा केला आणि २०२१ मध्ये स्वतःच आकडा ०.५ वर आणला. दुसरीकडे भारताने फ्रान्सबरोबर २०१५ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय सौर आघाडी सुरू केली, तिचं मुख्यालय गुरुग्रामला आहे. घरच्या गरजा पुऱ्या भागलेल्या नसताना इतरांसोबत उभं राहणं आणि भरल्या घरातून हात आखडता घेणं यांना एकच क्रियापद लावू नये.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. वाक्य असं बदललं आहे : ‘शाश्वत विकासासाठी काही राष्ट्रांनी कायदे केले, काहींनी कार्यनीती आखल्या. त्यांतल्या काही उपाययोजना स्वतःच्या हद्दीत आहेत, काही आपल्या व्यापाराचा आणि उपभोगाचा इतरत्र होणारा परिणाम रोखण्यासाठी आहेत, आणि काही भागीदार देशांसोबत आहेत.’ लांब झालं, पण आता कोणाचं काय ते कळतं. लेखकांनी शेवटी ‘भागीदार देशांसाठी’ सुचवलंय. ‘सोबत’ की ‘साठी’?

प्रतिसाद

प्रत्येक उदाहरण पाहून ठरवा. साहाय्य परिणामकारक व्हावं म्हणून २००५ मध्ये पॅरिस जाहीरनामा झाला. त्याची पहिली दोन तत्त्वं अशी की विकासाची दिशा मदत घेणारा देश ठरवेल आणि देणाऱ्यांनी त्याच्या आराखड्याशी जुळवून घ्यावं. आराखडा त्या देशाचा असेल तर ‘सोबत’ लिहा. तो देणाऱ्याच्या राजधानीत तयार होऊन आला असेल, तर ‘साठी’.