वय कागदावर उतरतं तेव्हा… (चित्र, वही, अक्षर: तुमचे अनुभव)

रेषाळू
कपाट आवरायला घेतलं आणि आईची रेखाटनवही हाती लागली. आवरणं तिथंच राहिलं. पानोपानी स्वतःचा डावा हात काढलाय तिनं. डावाच, कारण उजव्यात पेन्सिल. सुरुवातीला बोटं सरळ, नखं घोटून काढलेली. पुढे पेरं सुजत जातात, शिरा वर येतात, अंगठ्याचं मूळ बाहेर डोकावतं. रेष मात्र पानागणिक सुधारत गेलीय. शेवटचा हात सगळ्यात थकलेला आहे आणि काढलाय सगळ्यात सुंदर.
चित्रकार रेम्ब्राँ आठवला. तरुणपणापासून १६६९ पर्यंत, म्हणजे गेला त्या वर्षापर्यंत, तो स्वतःला रंगवत राहिला. शेवटच्या चित्रांत सैल गाल, जाड नाक, सगळं आहे तसं.
तुम्ही स्वतःचं किंवा घरातल्या कुणाचं वय असं कागदावर पाहिलंय का? लिहा ना.

निळी_शाई
हात तरी बरे, चेहरा काढून बघा! सुरकुतीला रेष मारली की माणूस चिडका दिसतो. तिथं रेष नसतेच मुळी, कातडी वळते म्हणून एक बाजू काळवंडते. कोळशानं सावली धरायची आणि बोटानं पुसत आणायची. आमच्या वर्गात वयस्कर मॉडेल बसलं की सगळे खूश, तरुण चेहऱ्यात नजर कुठं ठरतच नाही. फोनवरून लिहितेय, बाकी रात्री.

चष्मा_कुठंय
माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालंय, दुसरा अजून बाकी. मधल्या काळात एक उद्योग केला. एकच फूल डोळे आलटूनपालटून झाकून पाहिलं. नव्या डोळ्याला जांभळं, जुन्याला मातकट. जुन्याला दिसलेला रंग मनात धरून नव्यानं जुळवला आणि दोन्ही फुलं शेजारी शेजारी रंगवली. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं आणि निळा रंग अडतो. चित्रकार मोनेला १९१२ मध्ये निदान झालं आणि ऑपरेशन थेट १९२३ मध्ये. मधली वर्षं तो ट्यूबवरची नावं वाचून रंग घ्यायचा. ऐकून माहीत होतं, आता कळलं काय सोसलं असेल.

मधली_सुट्टी
काकू, थेंब वेळेवर घाला हं, आणि डोळा अजिबात चोळू नका. माझ्या सासूबाईंचं आत्ताच झालंय. टीव्ही मोठ्यानं लावतात ते वेगळंच.

चष्मा_कुठंय
काकू नाही, काका :) थेंबांचा गजर लावलाय. सासूबाईंना नमस्कार सांगा.

सत्तरी_पार
म्हातारपणावर लिहिणारे बहुतेक चाळिशीतले असतात. खिडकीतली एकटी म्हातारी, थरथरते हात, ओलावलेले डोळे, झाली कविता. आतून ते तसं नसतं हो. मी रोज सकाळी पानभर लिहितो. त्यात गुडघा आहे, विसरलेली नावं आहेत, गेलेल्या मित्रांवरचा रागही आहे, कारण वाद अर्धा टाकून गेले. आणि हो, इच्छाही आहेत, त्या कुणी आमच्या तोंडी घालत नाही. अ‍ॅलिस नील या चित्रकर्तीनं १९८० मध्ये, ऐंशीव्या वर्षी, स्वतःचं नग्न चित्र पुरं केलं. खुर्चीत बसलेली, हातात ब्रश, पोट सुटलेलं, नजर थेट. मला असं लिहायचंय. कुणी हळहळावं म्हणून नाही.

निळी_शाई
काका, त्या पानांतलं एखादं इथं टाका ना! मित्रांवरच्या रागाचं तरी.

सत्तरी_पार
टाकतो. आधी बायकोला वाचून दाखवतो, तिचाही उल्लेख आहे.

उनाड_खडू
माझ्या लेकीनं माझं चित्र काढलं. केसांना करडा खडू उचलला आणि म्हणाली, "हा रंग पहिल्यांदाच कामाला आला." चित्र फ्रिजवर लावलंय.

कोरा_कागद
बाबांच्या डायऱ्या. जुन्या वर्षांत अक्षर टपोरं, शिरोरेघ पट्टीनं मारल्यासारखी. मग ती हलायला लागते. मग अक्षरच बारीक होत जातं, ओळीच्या शेवटी तर मुंगीएवढं. डॉक्टरांना डायऱ्या दाखवल्या, पार्किन्सन्समध्ये असं होतं म्हणाले. ठळक रेघांची वही दिली की अक्षर जरा मोठं येतं. डोळ्यांसमोर रेघ असली की हाताला माप मिळतं. मजकूर तोच असतो, कोण आलं, कोण गेलं. मी आता मजकुराआधी अक्षर वाचते.

दुपारचं_ऊन
कोरा_कागद, तुम्हाला आणि बाबांना खूप बळ.
आईला स्मृतिभ्रंश आहे. नाव सांगता येत नाही, पण कागद-खडू दिले की तासभर रमते. विल्यम उटरमोलेन या चित्रकाराला १९९५ मध्ये अल्झायमर्सचं निदान झालं, त्यानंतरही तो स्वतःचा चेहरा काढत राहिला. एकेका चित्रात चेहरा विस्कटत जातो. एकदाच पाहिली ती चित्रं, पुन्हा हिंमत झाली नाही. आई चेहरे काढत नाही, गोल काढते. एकात एक. रंग स्वतः निवडते आणि मी चुकीचा पुढे केला तर हात बाजूला सारते. दिवसभरात ती ठामपणे 'नको' म्हणते ते तेवढंच. म्हणून मी सगळे रंग समोर पसरून ठेवते.

रेषाळू
वाचून गप्प झाले. गोल जपून ठेवा, प्रत्येकावर तारीख घाला. आईच्या वहीत तारखा नाहीत, फार चुटपुट लागते.

मधली_सुट्टी
संधिवात असेल तर ब्रशच्या दांड्यावर कापड गुंडाळून जाड करा, पकड बसते. चित्रकार मातीस शेवटी खुर्चीत बसून कात्रीनं रंगीत कागदच कापायचा, तेही करून बघा. सासूबाईंना देणार आहे, टीव्हीचा आवाज तरी कमी होईल.

सत्तरी_पार
कोरा_कागद, ती ठळक रेघांची वही तयार मिळते की आखावी लागते?

कोरा_कागद
मी जाड स्केचपेननं आखते, दोन बोटं अंतर ठेवून. पुढे कमी-जास्त करता येतं. तुम्हाला हवी असेल तर एक पान आखून त्याचा फोटो टाकते.