बुद्धिबळ : तुमचा खेळ नेमका कशानं सुधारला? मराठवाड्यातले अनुभव

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बाटुमीत बुद्धिबळाचा महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयानं ती ग्रँडमास्टर, म्हणजे बुद्धिबळातल्या सगळ्यात मोठ्या किताबाची मानकरी झाली. तेव्हापासून आमच्या गल्लीतली लेकरं पट मागायलीत. पण शिकवणारं कुणी जवळ नसेल तर पुढं काय? परभणी-हिंगोलीपासून धाराशिवपर्यंत जे खेळतात, त्यांनी लिहावं. तुमचा खेळ कशानं सुधारला, तेवढं सांगा.

परभणी, शिक्षिका :
माझ्याकडं येणाऱ्या काही लेकरांना आजोबांनी देशी डाव शिकवलेला असतो. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर, आणि शह बसायच्या आधी राजाला एकदा घोड्यासारखं अडीच घरं जायची मुभा. मी आधी आजोबांचा डाव खेळून घेते, मग राजा लपवायची नवी रीत म्हणून कॅसलिंग दाखवते. ही लेकरं घोडा फार छान खेळतात.

बीड :
ताई, आमच्याकडं लेकरं मोबाइलवरून चार चालींची मात शिकून येतात. पांढऱ्याचा वजीर एच५ च्या घरात (अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी), उंट सी४, आणि एफ७ वर मात. वजीर आला की काळ्यानं आधी घोडा सी६ वर आणून ई५ चं प्यादं राखावं. उंट आला की मग प्यादं जी६. जी६ आधी खेळलं तर वजीर शह देत ई५ खातो आणि कोपऱ्यातला हत्तीही धरतो. हे एकदा पटावर दाखवलं की लेकरू विसरत नाही.

छत्रपती संभाजीनगर, क्लब खेळाडू :
माझा खेळ सुधारला तो शेवटच्या टप्प्यामुळं. नोकरी सांभाळून रात्री अर्धा तास मिळायचा. सुरुवातीच्या चाली पाठ करणं बंद केलं आणि पटावर तीनच मोहरे मांडले : पांढरा राजा ई४, प्यादं ई३, काळा राजा ई६. काळ्याची चाल असेल तर पांढरा जिंकतो. पांढऱ्याची असेल तर डाव बरोबरीत. मोहरे तेच, घरं तीच, फरक फक्त पाळीचा! एकटाच दोन्ही बाजूंनी खेळत बसायचो. काळ्याचा राजा बाजूला सरकायला लागला की पांढऱ्यानं दुसऱ्या बाजूनं पुढं घुसायचं, हे बोटांत बसेपर्यंत. त्यानंतर मधल्या डावात वजिरांची मारामारी करायची भीती गेली, कारण पुढं काय उरणार ते दिसायला लागलं. लेकरांना सगळ्यात आधी हेच शिकवावं असं मला मनापासून वाटतं.

लातूर, बारावी :
दादा, हे पटलं. पण आधी फुकट जाणारे मोहरे थांबले पाहिजेत. मी क्लासच्या आधी लिचेस या बुद्धिबळाच्या फुकट वेबसाइटवर एक-दोन चालींत मात करायची कोडी सोडवते. झटपट डाव सोडले. आठवड्यात एकच लांब डाव, वहीत लिहून. इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्राम) लावायच्या आधी पेननं खूण करते, की माझा डाव इथं फिरला. इंजिनची खूण बहुतेक वेळा माझ्या दोन-तीन चाली आधीच असते. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते त्या दोन-तीन चालींनी.

हिंगोली, पालक :
स्पर्धेला पाठवणार असाल तर घरीही हात लावलेला मोहरा खेळायलाच लावा. आणि रेटिंगची, म्हणजे खेळाची ताकद सांगणाऱ्या आकड्याची घाई नको. मार्च २०२४ पासून फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेचं रेटिंग १४०० पासूनच सुरू होतं, त्यामुळं पहिलं रेटिंग मिळायलाच खेळ पक्का लागतो. काका, ती ई३ ची मांडणी लेकीला आज रात्री दाखवतो. एक विचारायचं होतं : प्यादं कडेच्या ए स्तंभात असलं तरी हेच चालतं का?

छत्रपती संभाजीनगर, क्लब खेळाडू :
नाही. काळा राजा ए८ च्या कोपऱ्यात पोचला की एकटं प्यादं जिंकून देत नाही, कोंडी होते : शह नसताना राजाला चालच उरत नाही आणि डाव बरोबरीत सुटतो. ते दुसऱ्या दिवशी दाखवा.